अडॅप्टर अमरावतीत, आवाज अकोल्यातून

आधीच सांगून टाकते... या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण घाबरायला नाही, हसायला. वडाखालची बाई, मागून येणारे पैंजण, अचानक थंड पडलेली खोली — स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवण्याचं कामही माझ्याकडेच असायचं. मी अमरावतीला एका खासगी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. 'एखादी गोष्ट चालत नसेल तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर तुम्ही नीट शोधलेलं नसतं' — हे वाक्य मी इतक्या बॅचेसना ऐकवलंय की पोरं माझी नक्कल करताना तेच म्हणतात. हल्ली ते म्हणताना माझीच जीभ अडखळते. म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर अकोल्याचं, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातलं. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. डावा हात तेवढा चालतो. आई धडधाकट आहे, पण तिला ऐकू कमी येतं. कानाचं मशीन घेऊन दिलं तर ते कपाटात, कारण कानात 'माशी भनभनते'. बाबा आतल्या खोलीत पलंगावर, आई स्वयंपाकघरात नाहीतर मागच्या अंगणात. मधल्या भिंती हातभर जाड. बाबांना पाणी हवं असलं, लघवीला लागलं, तरी हाक मारता येत नाही, आणि घंटी लावावी तर आईला ऐकू जात नाही. दोघांना अमरावतीला आणायचं म्हटलं की आई म्हणायची, "तुया फ्लॅटात येऊन मी काय करू? खिडकीतून रोड पाहू?"

मग मी माझी विद्या पाजळली. घरी ड्रॉवरमध्ये पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर पडून होता — एकच हिरवं बोर्ड, वर चिप आणि खाचा. बाबांच्या डाव्या हाताशी, पलंगाच्या दांड्यावर एक मोठं लाल बटन बसवलं. ते दाबलं की बोर्डवरून इंटरनेटने आईच्या आणि माझ्या फोनवर मेसेज जाणार. आईचा फोन कमरेच्या पिशवीत, थरथरीवर. बोर्ड जुनं, त्यात वायफाय नाही, म्हणून यूएसबीच्या खाचेत अँटेनावाला वायफायचा अडॅप्टर खोचला. मशीन पिशवीतून बाहेर निघायच्या आधीच बटन दांड्याला की भिंतीला, यावरून आई आणि शेजारच्या शकीलाचाचीचं जुंपलं होतं. बाजारात तुरी...

मेसेज काय ठेवायचा? आमच्याकडे हाक मारणं म्हणत नाहीत, आवाज देणं म्हणतात. म्हणून मी लिहिलं : 'बाबांनी आवाज दिला'.

आठवड्यातच आईचा फोन. "तुयी मशीन काई कामाची नाई."

मी इकडून तपासलं तर मेसेज व्यवस्थित गेलेले, माझ्याही फोनवर आलेले. म्हटलं, "आई, कमरेला थरथरत नाही का?"

"थरथरते ना."

"मग तू जात का नाहीस?"

"एकदाच थरथरते. एका आवाजाले कोनी ओ देते का?"

मी कपाळावर हात मारला. ही आमच्या घरातली जुनी रीत. बाहेरून कोणी नाव घेतलं तर पहिल्या आवाजाला ओ द्यायची नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला द्यायची. कारण 'ते' तिसऱ्यांदा आवाज देऊ शकत नाहीत, आणि त्यांच्या आवाजाला जो ओ देतो त्याला ते धरतात. लहानपणी बाबा बाजारातून आले की दारातूनच आईला तीनदा आवाज द्यायचे, मग ती पदर खोचत निघायची. मला वाटलं होतं, ही रीत माणसांच्या आवाजापुरती आहे. आईने ती फोनच्या थरथरीलाही लावली होती!

शिकवून उपयोग नव्हता. ज्या बाईने आयुष्यभर पहिल्या हाकेला ओ दिली नाही ती माझ्या प्रोग्रॅमसाठी कशाला देईल? मी प्रोग्रॅम बदलला. बटन एकदा दाबलं की थोड्या थोड्या अंतराने तीन मेसेज. आई खूश. "आता माणसावानी आवाज देते," म्हणाली.

आणि तेव्हापासून अडॅप्टर बिघडला.

म्हणजे कसा, तर एक मेसेज जायचा, कधी दोन, आणि तिसऱ्याच्या आधी नेटवर्क गुल. आई कमरेवर हात ठेवून तिसऱ्याची वाट बघत उभी, आणि आत बाबा ओले. शकीलाचाचीने एकदा मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मला रडूच आलं. मी दर रविवारी बसने मूर्तिजापूरवरून अकोल्याला जायची आणि दिवसभर बाबांच्या खोलीत जमिनीवर बोर्ड मांडून बसायची. बोर्डला अडॅप्टर दिसायचा, अडॅप्टरला राउटर दिसायचा, पण दोघांचं जमायचं नाही. ड्रायव्हर बदलला. काम नसलं की अडॅप्टर झोपी जातो, ती पॉवर सेव्हची सोय बंद केली. चार्जर कमी पडतो का म्हणून मोठा लावला. राउटरचं चॅनल बदललं. नेटवर एका उंटावरच्या शहाण्याने सांगितलं, सेटिंगमध्ये देश भारत करा... केला. नवीन मेमरी कार्ड घालून सगळं पहिल्यापासून टाकलं.

गंमत म्हणजे तोच अडॅप्टर, तेच बोर्ड अमरावतीला माझ्या टेबलावर दिवसभर सुरळीत चालायचं. अकोल्याला नेलं की रुसायचं. बाबा पलंगावरून माझ्याकडे टक लावून बघत असायचे. ज्यांनी मला पाना धरायला शिकवला त्यांच्यासमोर माझ्याकडून एक बोटभर वस्तू दुरुस्त होत नव्हती. फार असहाय वाटायचं.

शेवटी मी हात टेकले. अडॅप्टर काढला, पर्समध्ये टाकला आणि आईला म्हटलं, "पुढच्या रविवारी दुसरा घेऊन येते. तोवर बटन दाबून काही होणार नाही. तूच मधूनमधून जाऊन बघ."

"पयले काय मशीन होती का? मीच पाह्यत होती ना."

त्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपार. प्रॅक्टिकल संपवून मी स्टाफरूममध्ये बसले होते. समोर तो अडॅप्टर. आमचे फिजिक्सचे खंडारे सर हौशी माणूस, त्यांनी त्याचं प्लास्टिक उघडून पोट मोकळं केलं होतं आणि भिंगातून टाके बघत होते. इतक्यात माझा फोन वाजला.

'बाबांनी आवाज दिला'.

मी आधी फोनकडे बघितलं, मग टेबलावर उघड्या पडलेल्या अडॅप्टरकडे.

खंडारे सर म्हणाले, "मॅडम, जुना असंन. अटकला असंन कुठं."

मीही हेच म्हटलं असतं. पण अडकला असेल तर बोर्डमध्ये अडकेल, आणि बोर्डला बाहेर यायला वाटच नव्हती. वाट आमच्यासमोर टेबलावर तुकडे होऊन पडली होती. एकदा बोर्डमधून निघालेला मेसेज रस्त्यात रेंगाळत नाही. शिवाय मेसेजवरची वेळही त्याच क्षणाची होती.

आम्ही दुसऱ्या मेसेजची वाट बघितली. आला नाही. तिसराही नाही. माझा प्रोग्रॅम एक मेसेज पाठवून थांबतच नाही, अडॅप्टर ठीक असो की नसो, तो तीनदा प्रयत्न करतो. मग हा एकटा कुठून आला? माझं शास्त्र सांगत होतं, हे शक्य नाही, सोडून दे. आईची रीत सांगत होती, एकच आवाज आहे, ओ देऊ नको. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दोघींचं एकमत झालं होतं... आणि मी दोघींचंही न ऐकता फोन लावला.

आईने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग शकीलाचाचीला लावला. म्हटलं, "चाची, घरात जाऊन बघा ना, बाबांना काही झालंय का." ती फोन कानालाच लावून निघाली. मला तिच्या चपलांचा आवाज येत होता. दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "भाऊ तं ठीक हायेत वो. पलंगावरच हायेत, जागे हायेत."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसले सुद्धा, खंडारे सरांना हाताने 'ठीक आहे' अशी खूण केली.

"भाभी? ओ भाभी?" चाची घरातून हाका मारत फिरत होती. मग तिचा आवाज बदलला. "बेटा... नहानीतून पानी वाहून राहिलं भाईर."

पुढचं मी अमरावतीत खुर्चीवर बसून ऐकलं. नहानीचं दार ढकलणं, चाचीची किंकाळी, गल्लीतली माणसं धावून येणं. आई घसरून पडली होती. खुबा मोडला होता आणि डोकं नळाला आपटून रक्त जात होतं. कमरेची पिशवी बाहेर खिळ्याला टांगलेली. मी फोनमध्ये ओरडत होते, "शुद्धीवर आहे का? कोणी सांगा ना, शुद्धीवर आहे का?" आणि त्या गलबल्यात माझं कोणीच ऐकत नव्हतं. खंडारे सरांनी गाडी काढली. अकोला येईपर्यंत मी रस्ताभर फक्त फोन घट्ट धरून बसले होते. दुसरं काय करू शकत होते?

आई वाचली. तिला हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, डॉक्टर म्हणाले, शेजारीण वेळेवर पोचली. दोन दिवसांनी बोलण्याइतकी ताकद आली तेव्हा तिने पहिलं विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"बाबांनी आवाज दिला."

तिचे डोळे भरले. म्हणाली, "मी त्याइलेच आवाज देऊन राहिली होती नहानीतून. तीनदा देल्ला." मग माझा हात घट्ट धरून, "अन् तुले किती आवाज आले?"

मी म्हटलं, "तीन."

"मंग ठीक हाये," म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला. एक सांगितला असता तर त्या मोडक्या खुब्यासह ती माझी दृष्ट काढायला उठली असती.

त्यानंतर मी बोर्ड उघडून तपासलं. बटन दाबल्याच्या नोंदी होत्या, पुष्कळ होत्या. पण या छोट्या कॉम्प्युटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. तो वेळ इंटरनेटवरून घेतो, आणि इंटरनेट नसलं तर त्याला आज काय वार आहे तेही कळत नाही. त्यामुळे त्यातली कुठली नोंद त्या दुपारची, कुठली आधीची, सांगता येत नाही. आणि बाबांनी त्या दुपारी बटन दाबलं असं धरलं तरी काय? ते अमरावतीपर्यंत आलं कशावरून? खंडारे सरांनी माझ्याइतकंच डोकं लावलं. शेजारचं नेटवर्क, माझ्याच फोनमधली गडबड, सर्व्हरची चूक... आम्ही एकेक गोष्ट खोडत गेलो, आणि शेवटी खोडायला काही उरलं नाही. आता बोर्डला सरळ केबल लावली आहे. बटन दाबलं की तीन मेसेज येतात, कधी कमी नाही, कधी जास्त नाही.

तुमच्यातले काही म्हणतील, बाई, तुमच्या घरात साक्षीदार आहे की, त्यालाच विचारा. विचारलं. लकव्यानंतर बाबांजवळ एकच शब्द उरलाय — हाव. आमच्याकडे 'हो'ला हाव म्हणतात. आई दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "बाबा, आई पडली तेव्हा बटन तुम्हीच दाबलं ना?"

"हाव."

मला इतकं हलकं वाटलं. पण मास्तरीण ना मी, उलट तपासल्याशिवाय राहवतं का? म्हटलं, "म्हणजे तुम्ही बटनाला हात लावला नव्हता?"

"हाव."

"मग दुसऱ्या कोणी दाबलं? कोणी आलं होतं का इथे?"

त्यांनी डावा हात पलंगावर आपटला. मान हलवली, दाराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, सगळं तोंडाशी आलं होतं, कपाळाला घाम फुटला होता. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. म्हटलं, "राहू द्या बाबा, आई आली ना घरी." पण ते थांबेनात. माझ्याकडे बघून म्हणतच राहिले — हाव... हाव... हाव.