तू सांग, बापू

धाराशिवच्या मेडिकलमध्ये अक्काच्या गोळ्या घेत उभा होतो, तेव्हा बायकोचा फोन आला. "अहो, लवकर या... अक्का गेल्या." दुकानदारानं पुडी पुढं केली, मी ती घेतली. बेंबळीला पोचेपर्यंत ती माझ्या मुठीतच होती. सव्वा महिना झाला आता.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. बेंबळीच्या शाळेत तिनं आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला; नातवंडं झालेली माणसंसुद्धा तिला बघून हातातली विडी लपवायची. दिवाळीनंतर एका सकाळी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "बापू, उजव्या डोळ्यापुढं पडदा ओढल्यागत झालं रे..." दहा मिनिटांत परत दिसू लागलं. पण सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूकडं रक्त नेणारी मानेतली नस आतून बुजत आलीय, कधीही झटका येईल. मान उघडून नस साफ करायची, नाहीतर मांडीतून तार नेऊन आत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी बसवायची. "यांच्या वयाला मला ऑपरेशन बरं वाटतं. स्टेंट बसवताना झटक्याची भीती थोडी जास्त. पण धोका दोन्हीत आहे. दोन दिवसांत कळवा."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर अक्कानं विचारलं, "तू सांग, बापू. काय करू?"

तिच्या मानेवर सुरी... मला ते डोळ्यांपुढं आणवेना. "अक्का, चिरफाड नगं," म्हणत मी तिचा हात घट्ट धरला. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं. स्टेंट तर स्टेंट."

स्टेंट बसला, आणि दुसऱ्याच दिवशी झटका आला. डावा हात गेला, पाय गेला. घरी आणल्यावर एकदा तिचे पाय चेपताना मला रडू आवरेना. जड जिभेनं ती म्हणाली, "तुजं काय चुकलं? ऑपरेशननं तरी बरं वाटंल... असं कुणी लिहून दिलं व्हतं?" पुढं छातीत कफ भरला. तिसऱ्या आठवड्यात संपलं.

परवा तिची खोली आवरली. उशीखाली दुरेघी वही होती, पहिलीची पोरं वापरतात तसली. शेवटच्या पानावर तिचं ठसठशीत, गोल अक्षर :

"डॉक्टरांना सांगणे – ऑपरेशन करू.
बापू घाबरलाय, त्याला सांभाळणे."

पहिल्या ओळीवर पट्टीनं सरळ रेघ मारलेली आहे. दुसरी तशीच आहे.