बिनसहीची यादी
मैद्याची खळ शिजली, की त्या वासानं मले आमच्या लॉ कॉलेजातला नोटीस बोर्ड आठवते. मी तिथं शिपाई होतो. नव्वदीनंतर कॉलेजात पहिला कंप्युटर आला आन् परीक्षेले बसू न द्यायच्या पोरांची यादी त्या साली त्यानंच काढली. यादीत जैनथहून रोज पहिल्या बसनं येणाऱ्या पोरीचं नाव होतं. हजेरी कमी म्हणे. तिच्या वर्गात हजेरीबुक तं मीच नेत होतो, ती रोज बाकावर दिसे. कारकून म्हणाला, "मामा, चिकटवा ना, काऊन उभे राह्यले?" "सही कोठी हाय? बिनसहीचा कागद मी आजवर लावला नाई." "मी फक्त बटन दाबलं. कंप्युटर चुकत नाई." "मंग त्यालेच सही करू द्या." यादी घेऊन मी प्रिन्सिपल साहेबांकडं गेलो. त्यांनी सहीसाठी चिडून पेन उघडला, पण हात थांबला. "हजेरीबुक आणा," ते म्हणाले. पोरीची हजेरी पुरी निघाली. तोवर डब्यातली खळ थिजली होती. आता माझी नात वकिली शिकते. मशीननं चुकीचा निकाल दिला तं जबाबदार कोण, असा तिले धडाच हाय. मी विचारलं, "मंग सही कोणाची?" "ते अजून ठरलं नाई, आबा." म्हटलं, तवापासून खळ घेऊन उभा राहून मी थकलो ना, बाई.