सात प्रार्थनांचा काढा

माझा मामा तापावर काढा करून द्यायचा. त्यातली मुळी विषारी. पुरती शिजली तर ताप उतरवते, कच्ची राहिली तर माणूस हातचा जातो. म्हणून भांडं चुलीवर चढलं की मामा डोळे मिटून सात वेळा प्रार्थना म्हणे. सातवी संपली की भांडं उतरवायचं. मुळी कापून बघायची पद्धतच नव्हती. देवाचा हिशेब तपासायला कोण बसणार? काढा गाळून बाटलीत जायचा.

नऊ वर्षांपूर्वी मामाची एकुलती एक मुलगी तापाने फणफणली आणि मामाचाच काढा पिऊन गेली. मामी म्हणते, दृष्ट लागली. मामा म्हणतो, देवाची मर्जी. तेव्हापासून तो जेवतो, काढा करतो, झोपतो. विचारलं तर उत्तर देतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला शिंगं फुटलेली. प्रार्थनेचा आणि काढ्याचा काडीचा संबंध नाही, हे मला एकदाचं सिद्ध करायचं होतं. घड्याळ घेऊन तीन दिवस दुपारी मामाच्या शेजारी बसलो. चाळीस मिनिटं, एकेचाळीस, पुन्हा चाळीस. मी चाटच पडलो.

“मामा, अहो हे तर घड्याळच आहे! कुणीतरी फार पूर्वी डोकं चालवलंय.” तेवढ्यावर गप्प बसायचं, पण माझी जीभ वळवळली. “फक्त घाईत म्हणू नका हं, नाहीतर एखाद्याचं काम तमाम!”

मामा हातातल्या फडक्याकडे बघत राहिला.

“ती सारखी पाणी मागत होती,” तो म्हणाला. “लाव घड्याळ.”

नवी मुळी टाकून त्याने प्रार्थना सुरू केली, त्या दिवशी म्हटली होती तशी. शब्द गिळत, श्वाससुद्धा न घेता. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सातवी संपली.

“किती?”

तेवीस मिनिटं झाली होती.

“अडतीस,” मी म्हणालो. मोजलेला आकडा मी आयुष्यात पहिल्यांदाच बदलला.

मामाने मान हलवली. मुळी बाहेर काढून फळीवर ठेवली आणि सुरीने मधोमध कापली. आत पांढरी आणि टणक होती.

“कच्ची आहे,” तो म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं. दोन्ही तुकडे त्याने परत भांड्यात टाकले. “अजून किती वेळ लागेल?”

“सतरा मिनिटं,” मी म्हणालो.