बर्फाखाली गाडलेले मेहुणे

१४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी दूध नासले. अकराला धाकट्या बहिणीकडे गेले. उद्या तिच्या डोळ्याचे ऑपरेशन.

मेहुणे भाषांतरकार आहेत. कामाने बेजार झालेला इंग्रज काय काय म्हणतो, ते रशियन भाषेत नेणारे पुस्तक ते चार वर्षे लिहीत आहेत. आज ‘बर्फाखाली गाडला गेलो’, म्हणजे कामाखाली पार दबलो, यावर अडले होते. रशियन माणसाला खराच बर्फ वाटेल, ही चिंता. तोवर धाकटीने सासूबाईंना अंघोळ घातली, गळका नळ दुरुस्त करून घेतला आणि दुखरा डोळा मिटून त्यांची पाने टाइप केली.

“ऑपरेशन महिनाभर पुढं ढकल,” मेहुणे म्हणाले. “प्रकाशक मागे लागलाय. जीव मेटाकुटीला आलाय माझा.”

“दोनदा ढकललंय. आता डोळाच जाईल म्हणाले डॉक्टर.”

“मग टाइप कोण करणार? आईचं कोण बघणार?”

“तुमचे दोन हात आहेत की!” मी म्हणाले.

“ताई, या कामाचं ओझं तुम्हाला नाही कळायचं.”

ओझे! जन्मात स्वतःचा पेला विसळला नाही या माणसाने.

धाकटीने टाइपरायटरवर झाकण घातले. “मी ताईकडे चालले. आईंची औषधं फळीवर आहेत.”

मेहुण्यांनी शब्दकोश छातीशी धरला. “अगं, पण माझा चहा?”

आम्ही जिना उतरलो.

संध्याकाळी आतल्या खोलीतला पलंग झाडला, उशीला नवा अभ्रा घातला.