कारभारीनानांच्या गाडीतले तीन मीटर

हर्सूलमध्ये कारभारी औताडे यांना सगळे गाडीवाले नाना म्हणायचे. आता तिथं घरोघरी चारचाकी आहे, पण गाडीवाले नाना एकच. त्यांच्याकडं एक जुनी एमजी होती. बुटकी, हिरवी, दोनच माणसं बसतील अशी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, वरचं कापडी छप्पर मागं दुमडता येणारी. छावणीतल्या एका बंगल्यात ती ताडपत्रीखाली पडून होती. नाना तेव्हा चिकलठाण्याला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते. बंगल्यातले साहेब बदलून जाताना गाडी भंगारात काढायला निघाले, तर नानांनी ती ट्रॅक्टरच्या मागं बांधून घरी आणली.

आशाकाकू, म्हणजे नानांच्या मालकीण, दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "हिच्यात खताची एक गोणी मावायची नाय. अन् पोरगी कुठं बसवायची?"

पोरगी, म्हणजे प्रेरणा, आईच्या मांडीवर बसून त्या गाडीतून फिरली आणि मोठी झाली. आता ती पुण्याला नोकरीला आहे.

माझं जटवाडा रोडला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. नाना माझ्याकडं यायचे ते कामापेक्षा बसायलाच जास्त. एखादी गाडी दुकानापुढं येऊन थांबली की नाना चहाचा कप तोंडाला लावण्याआधीच सांगायचे, "राजकुमार, हिची बेअरिंग चाललीय बघ." ड्रायव्हर आधी हसायचा. बोनेट उघडून बघितल्यावर हसायचा थांबायचा. हे कान त्यांना प्रेसनं दिले होते. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, सरकायच्या आधी मशीनचा आवाज बदलतो, तो ज्याला कळला त्याची बोटं शाबूत राहतात, असं ते सांगायचे. नानांची दहाही बोटं शाबूत होती.

एमजीतले मूळचे काटे, स्पीडचा एक सोडला तर, ती आली तेव्हाच मेलेले. तेल किती दाबानं फिरतंय, पाणी किती तापलंय, काही कळायचं नाही. मी दोन-तीनदा म्हणलं, नाना, बसवून टाकू नवीन. तर त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "हे हायेत ना."

पण ज्या प्रेसनं ते कान तयार केले होते, तिनंच ते नेलेही. वर्षानुवर्षं तो दणका ऐकायचा, आणि कानात काय तर कापसाचे बोळे. रिटायर झाल्यावर दोन-तीन वर्षांत नानांना कमी ऐकू यायला लागलं. एकदम नाही. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या, कुकरची शिट्टी, मोबाइलची घंटी. मग आशाकाकूंचा आवाज गेला, कारण तो मुळातच बारीक. इंजिनाचा जाड आवाज मात्र नानांना येत राहिला.

"गाडीचं सगळं ऐकू येतं यांना," काकू मला म्हणाल्या होत्या. "माझंच तेवढं येत नाय."

पहिल्यांदा हे त्या हसत म्हणाल्या. पुढं पुढं हसणं गेलं, वाक्य तेवढं राहिलं.

प्रेरणानं पुण्याहून भारीतलं कानाचं मशीन आणून दिलं. नानांनी ते थोडे दिवस घातलं. मग म्हणाले, डब्यात खडे घालून कुणीतरी डोक्यात हलवतंय, आणि ते खोक्यात घालून कपाटात ठेवलं. त्याऐवजी त्यांनी दुसरी सवय लावून घेतली. समोरच्याचं तोंड हललं की मान डोलवायची आणि "व्हय, व्हय" म्हणायचं. लोकांना वाटायचं, नानांना सगळं पटतंय. काकूंना माहीत होतं. तरी त्या बोलत राहायच्या. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

गेल्या उन्हाळ्यात नाना एकटेच फुलंब्रीच्या रस्त्याला गाडी घेऊन गेले. पंख्याचा पट्टा सैल होऊन बारीक आवाजात किंचाळत होता. रस्त्यावरचे लोक हात करून सांगत होते, थांबा, थांबा. नानांना वाटलं, नेहमीसारखं गाडी बघून खूश झालेत. त्यांनीही सगळ्यांना हात केला. बोनेटमधून वाफ उसळली आणि समोरची काच पांढरी झाली, तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मीटर लाव."

"कोणते?"

त्यांना ऐकू गेलं नाही, पण माझा प्रश्न त्यांना माहीत होता. "तेलाचा, पाण्याचा अन् बॅटरीचा. मोठ्या आकड्याचे. मला लांबून दिसले पायजेत." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "गाडी पण गेली राजकुमार. कालच्याला गेली. ती वरडत व्हती अन् मी लोकांला हात करत व्हतो."

मीटर मी मुंबईहून मागवले. काळ्या पाटीवर पांढरे आकडे, तांबडा काटा. काम नानांच्या शेडातच केलं. त्या जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीची जोडणी उलटी असते, बॉडीला प्लस जोडलेला. नवीन मीटरना ते चालत नाही. म्हणून आधी ते सगळं पलटवावं लागलं. डॅशबोर्ड कापू द्यायला नाना तयार नव्हते. "हिच्या कपाळाला भोक पाडायचं नाय," म्हणाले. मग त्यांनीच अॅल्युमिनियमची पट्टी कापून, कानशीनं घासून तिन्ही मीटरपुरती जागा केली. ती डॅशबोर्डच्या खाली बसवली. तेलाची बारीक नळी इंजिनापासून आत घेताना ती कुठं घासू नये म्हणून त्यांनी भोकाला रबर लावलं आणि दहा वेळा बोट फिरवून बघितलं. असं काम करताना माणूस आनंदात असतो. नाना नव्हते. डॉक्टरानं सांगितलेल्या गोळ्या घ्याव्यात तसं ते करत होते.

गाडी चालू केली. तेलाचा काटा उठला, पाण्याचा हळूहळू वर सरकायला लागला. नानांनी एक हात बोनेटवर ठेवला आणि वाकून आतले काटे बघत राहिले. मी पॅडल दाबलं की काटा हलायचा, तसा नानांचा बोनेटवरचा हात थरथरायचा. काटा इथं आला म्हणजे हाताला असं लागतं, हे ते पाठ करत होते.

काकू जेवायला बोलवायला आल्या. एकदा हाक मारली, दोनदा मारली. मग खांद्याला हात लावला. नानांनी वळून न बघताच मान हलवली. "व्हय, व्हय."

काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कान नव्हतेच. आता डोळे बी तिकडंच लागले."

मी वायरीला टेप गुंडाळत राहिलो.

चाचणीला मी त्यांच्या शेजारी बसलो. सावंगीपर्यंत जाऊन आलो. नाना पुढचा रस्ता बघायचे आणि लगेच खाली काट्यांवर नजर. समोरून एसटी आली तरी तसंच. मी गुडघ्यावर चापट मारून समोर बोट दाखवलं. ते कानकोंडं हसले. "सवय व्हईल," म्हणाले.

नंतरच्या शनिवारी ते काकूंना घेऊन खुलताबादला भद्रा मारुतीला निघाले. बऱ्याच दिवसांत दोघं मिळून कुठं गेले नव्हते. सकाळचं ऊन होतं, छप्पर दुमडलेलं. काकूंनी पदर डोक्यावरून घट्ट बांधून घेतला होता. हे मला नानांच्या शेजारच्या मंजुषाताईंनी सांगितलं, त्यांनी दोघांना निघताना बघितलं होतं.

दौलताबाद ओलांडल्यावर चढ लागतो. नानांना धाकधूक होती की गाडी तापणार. पाण्याचा काटा वर वर गेला. नाना त्याच्यावर नजर ठेवून गाडी हळू हाकत राहिले. काटा धोक्याच्या खुणेच्या अलीकडं थांबला आणि तिथंच राहिला. वर पोहोचल्यावर तो परत खाली उतरला. नानांना बरं वाटलं. फुलंब्रीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा बरं वाटलं, असं ते मला म्हणाले.

मंदिराजवळ गाडी लावून ते उतरले. काकू उतरेनात. गाडी बुटकी, काकूंना कायम हात द्यावा लागायचा. नानांनी हात पुढं केला. काकूंनी डावा हात दिला. उजवा मांडीवर तसाच पडलेला. तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि पदर ओला झाला होता.

नानांना फोनवर बोलता येत नव्हतं. त्यांनी फुलवाल्या बाईच्या हातात मोबाइल दिला. नानांनी बोट ठेवून दाखवलेला नंबर तिनं लावला, तो माझा होता. मी तिला म्हणलं, रिक्षा नको, कुणाची तरी मोठी गाडी थांबवा. लोकांनी एका जीपमधून दोघांना शहरातल्या दवाखान्यात आणलं. एमजी तिथंच राहिली.

मी पोहोचलो तेव्हा डॉक्टर नानांना काहीतरी विचारत होते आणि नाना मान डोलवत होते. मी पुढं झालो.

"यांना ऐकू येत नाही, डॉक्टर. मला विचारा."

"मला वेळ कळायला हवी," डॉक्टर म्हणाले. "मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. त्रास कधी सुरू झाला? बोलणं केव्हा अडखळायला लागलं?"

मी नानांच्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडलो. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली.

"मला काय म्हाईत," नाना म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाजही कळत नसे, त्यामुळं तेही ओरडूनच बोलले. "तोंड हलत व्हतं तिचं. दौलताबादपासून हलत व्हतं. चढाला बी हलत व्हतं. मी म्हणलं, बोलत आसंल रोजच्यासारखं. मी व्हय व्हय म्हणत व्हतो."

"सकाळी घरी असताना नीट बोलत होत्या का? उठल्यावर?"

मी तेही ओरडून विचारलं.

नानांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. "ती नीट बोलती का नाय, हे मला दोन वर्सांपासून म्हाईत नाय, साहेब."

मी मंजुषाताईंना फोन लावला. निघताना काकूंनी हात केला होता, पण काही बोलल्या नव्हत्या. आदल्या संध्याकाळनंतर काकूंचं बोलणं ऐकलेलं दुसरं कुणी निघालं नाही. वेळ पक्की होईना, तेव्हा इंजेक्शन देणं धोक्याचं ठरलं. ते दिलं गेलं असतं तर फरक पडला असता का, कुणाला सांगता येणार? डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

प्रेरणा रात्री आली. काकू वाचल्या. उजवा हात लुळा पडला, पाय जरासा ओढत टाकतात. बोलणं गेलं. आवाज निघतो, शब्द होत नाही.

प्रेरणा म्हणत होती, दोघं पुण्याला चला. नाना गेले नाहीत. त्यांनी कपाटातून कानाचं मशीन काढलं आणि आता ते उठल्यापासून झोपेपर्यंत घालतात. काकूंची वेणी ते घालतात, वाकडी होते. भाकरी थापायला शिकलेत. दुकानात येणं बंद झालं.

खुलताबादहून गाडी मी आणली होती. ती शेडात उभी राहिली. नाना तिच्यावरून कपडाही फिरवीनात. दिवाळीनंतर नाशिकचा एक माणूस आला, जुन्या गाड्या गोळा करणारा. त्याला गाडी पसंत पडली, पण नंतर बसवलेले मीटर नको होते. मूळची होती तशी पाहिजे म्हणाला. मी पट्टी काढली, तेलाची नळी काढून तोंड बंद केलं. तिन्ही मीटर हातात घेऊन नानांना विचारलं, "यांचं काय करू?"

"कुणाच्या गाडीला लागले तर लाव," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. ट्रॉलीवर गाडी चढवेपर्यंतही ते थांबले नाहीत. काकूंच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून आत गेले.

आठवड्यातून दोनदा सोनिया नावाची मुलगी काकूंचा बोलण्याचा सराव घ्यायला येते. ती गेल्यावर नाना तोच सराव पुढं चालवतात. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या आणि नाना समोर खुर्चीवर, गुडघ्याला गुडघा लावून. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते. काकूंचं तोंड वाकडं, त्यामुळं ओठ बघून नानांना काही कळत नाही. मशीन लावलं तरी बारीक आवाज येत नाहीत.

काकूंनी जोर लावला. गळ्याच्या शिरा दिसल्या. एक आवाज निघाला.

नाना झटक्यात माझ्याकडं वळले. "म्हणली का? काय म्हणली?"

मला नीट कळलं नव्हतं. 'च'सारखं काहीतरी होतं. मी नानांच्या जवळ जाऊन मोठ्यानं म्हणलं, "चहा म्हणल्या, नाना."

"चहा!" नाना उठले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला. तेवढा वेळ काकू माझ्याकडं बघत होत्या. मी खिडकीकडं बघितलं.

नानांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी काकूंच्या ओठाला लावली. काकूंनी तोंड उघडलं नाही. डाव्या हातानं बशी हळूच बाजूला सारली आणि पुन्हा तोच आवाज काढला.

"व्हय," नाना म्हणाले. मग बशी हातात तशीच धरून त्यांनी मला विचारलं, "आता काय म्हणली?"