घोडीचे सहा महिने

"आल्या पेणच्या मडम. घोडीचा वास जावा म्हणून पावडर थापलीय बघ," काकू स्वयंपाकघरात म्हणाली आणि चुलतबहीण फिसकन हसली.

रोह्याच्या त्या ओटीवर मी बाबांशेजारी बसले होते. ऐकलंच नाही असं दाखवणं मला चांगलं जमतं. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून या घरात मी मडम. आणि शाळेत शेवटपर्यंत वरातीच्या घोडीवाल्याची मुलगी.

घोडी बाबांनी आणि मोठ्या काकांनी निम्मे निम्मे पैसे घालून घेतली होती. नियम काकांनीच केला. सहा महिने रोह्याला, सहा पेणला. घोडी ज्याच्या दारात, कमाई त्याची आणि खर्चही त्याचा. ऐकायला चोख. बाबांनी मान हलवली. मोठ्या भावापुढे त्यांची मान तेवढंच करायची. मग तुळशीच्या लग्नापासूनचे सहा महिने काकांनी स्वतःकडे घेतले. म्हणजे लग्नसराई सगळी त्यांची. आमच्या पेणच्या रामवाडीत घोडी यायची ती वराती आटोपल्यावर. पावसाळाभर ती पडवीत उभी राहून चंदी खायची, मी खरारा करायचे, आणि भाड्याने तिला विचारायला कुत्रंही यायचं नाही.

त्या वर्षी ओलीने तिचा खूर सडला. डॉक्टर झाले, औषधं झाली, घोडी वाचली. दिवाळीच्या तोंडावर, ती आमच्याकडेच असताना, बाबा निम्मा खर्च मागायला रोह्याला निघाले. आई म्हणाली, तू सोबत जा, हे काही बोलायचे नाहीत. जशी काही मी बोलणार होते.

काका घोडीच्या झुलीला टिकल्या लावत बसले होते. हंगामाची तयारी. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझ्या दारात बिघडली ना? मग खर्च तुझा."

बाबांनी ओलीचं सांगून पाहिलं. त्यावर, पेणला सुकी जागा सगळी गणपती वाळवायलाच लागते काय, असं काकांनी विचारलं. आतून पुन्हा हसू आलं. चहा काही आला नाही.

मग काकांनी सुई झुलीत टोचून ठेवली. "झेपत नाय तर तुझा हिस्सा सोड. औषधाचं सगळं मी देतो. घोडी माझी."

मला बाबांच्या मानेची शीर दिसत होती. ती मान आता हलणार, आणि घोडी गेली. काकांसमोर मी आजवर पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. माझा आवाज चिरका निघाला, पण निघाला.

"हिस्सा सोडणार नाही, काका. नियम तुमचाच राहू दे. फक्त यंदा तुळशीच्या लग्नापासून घोडी पेणला राहील. पावसाळ्यात तुम्ही न्या."