शरयूकाकूंचे डबे

आश्विन वद्य प्रतिपदा, रविवार, सकाळी दहा. हजर: मी, माझी मुलगी रेवती आणि समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन. गैरहजर: वरच्या मजल्यावरच्या शरयूकाकू. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर ही बैठक बावीस वर्षं भरत आली आहे. काकूंशिवायची ही पहिली. आषाढात त्या गेल्या.

या वर्षीच्या यादीत सात घरं आहेत. सहा घरांचं ठरलं. अडलं ते पाचव्या क्रमांकावर, कारण पाचवं घर काकूंचंच आहे. तिथे आता अण्णा, म्हणजे काकूंचे यजमान, एकटे राहतात.

ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलेलं असतं, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. फराळ शेजारीपाजारी आणि नातेवाईक आणून देतात. रीत सगळ्यांना माहीत असते, पण जो तो समजतो की दुसऱ्या कोणी दिला असेल. काकूंना हे गृहीत धरणं मान्य नव्हतं. दसरा झाला की जिन्यात भेटल्यावर पहिला प्रश्न, "या वर्षी किती घरं?" घर ओळखीचं असायलाच हवं असं नव्हतं. एखादं भाजीवाल्याकडून कळलेलं असे, एखादं बँकेच्या रांगेत. डबा त्या स्वतः नेऊन देत, दिवसाउजेडी आणि आधी फोन न करता. "फोन केला की माणसं घर आवरायला लागतात," त्या म्हणत. "डबा द्यायचा की कामाला लावायचं त्यांना?"

उंच, काटकुळ्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधणाऱ्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. घरात शुद्ध मराठी, पण दार उघडताना "आवो, आवो" आणि पटलं नाही की "जवा दे ने", असं बडोद्याचं बोलणं. स्वयंपाक करताना त्या बोलत नसत. चकलीची भाजणी भाजायला घेतली की प्रत्येक डाळ वेगळी, प्रत्येकीला तिचा वेळ, आणि तेवढा वेळ तोंड बंद. हंसाबेनना ते जमायचं नाही. करंज्या लाटायला बसल्या की त्या दरवर्षी म्हणायच्या, "शरयूबेन, आ तो अमारा घुघराज छे." काकू कातण न थांबवता उत्तर द्यायच्या, "घुघरे तर घुघरे. कडा नीट दाबा, नाहीतर तुमचं सारण माझ्या तेलात पोहेल."

मी लग्न होऊन बडोद्यात आले आणि बाजव्याच्या एका कारखान्यात भांडार विभागात लागले. काय आहे, किती आहे, काय संपत आलं आहे, हे लिहिण्यातच माझा दिवस जातो. काकूंचा फराळ डोक्यात आणि घरं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेली, हे पाहून मला राहवेना. पहिल्याच वर्षी मी वही घातली. रकाने दोन, घर आणि कोण गेलं. तिसरा रकाना माझ्या चुकीतून आला.

पाणीगेट भागात एक गृहस्थ होते, बायको श्रावणात गेलेली. त्यांचा डबा भरताना मला दिसलं की चिवडा घालायचा राहिलाय. काकू हात धुवायला गेल्या होत्या. मी बाजूच्या डब्यातून दोन मुठी पातळ पोह्यांचा चिवडा पिशवीत भरून वर ठेवला आणि झाकण लावलं. काम नीट केल्याचं समाधान झालं.

त्या गृहस्थांनी डबा आमच्यासमोरच उघडला. चिवडा दिसला तसा त्यांचा हात थांबला. मग त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाले, "चांगला झालाय." एवढं बोलून त्यांनी झाकण लावलं. आम्ही निघेपर्यंत त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

जिना उतरताना काकूंनी विचारलं, "तू घातलास?"

"हो, राहिला होता."

"राहिला नव्हता. मी घातला नव्हता." त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "त्या घरचा चिवडा सबंध पाणीगेटात माहीत होता. तिच्या हातचा. त्याची चव त्यांच्या जिभेवर होती अजून, आज सकाळपर्यंत. आता माझा बसला त्या चवीवर."

रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "जे त्या माणसाच्या हातचं असायचं, ते आपण न्यायचं नाही. तेवढी जागा रिकामी सोडायची." घरी आल्यावर मी वहीत तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'काय नको'. काकूंनी चष्मा लावून पाहिलं. "हं. आता यादी झाली," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक.

हा रकाना भरणं सोपं नव्हतं. ज्या घरी डबा जायचा त्या घरी विचारायचं नाही, हा काकूंचा दंडक. "दुःखाच्या घरी प्रश्न न्यायचा नाही." मग शेजारणीला विचार, पिठाच्या गिरणीवर विचार, पलीकडच्या गल्लीतल्या मावशींना विचार. एका घरी आजोबा गेले होते. गेलेलं माणूस बाई नव्हे, म्हणून मी रकाना मोकळा ठेवला. काकूंनी गिरणीवाल्याकडून शोधून काढलं की त्या घरची शेव आजोबाच पाडायचे, सोऱ्या फिरवायला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्या डब्यात शेव गेली नाही.

काकू कधी चुकत नसत असं मात्र नाही. एकदा चुकल्या आणि ती चूक माझ्या डोळ्यांसमोर झाली. करजणला वृंदा नावाची मुलगी होती, चोविसेक वर्षांची, आई गेलेली. तिच्या आईचे बेसनाचे लाडू प्रसिद्ध, म्हणून आम्ही लाडू वगळलेले. वृंदाने डबा उघडला, चकली, शंकरपाळे, चिवडा बाजूला करून खाली पाहिलं.

"लाडू नाहीत, काकू?"

"नाहीत, बाळ."

"आईचेही नाहीत, तुमचेही नाहीत. म्हणजे या घरातून लाडू गेलेच ना?"

ती रागावून बोलली नव्हती. परतताना महामार्गावर गाडीत काकू बडोदं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. घरात शिरल्याबरोबर त्यांनी वृंदाला फोन लावला. ती रोज नोकरीसाठी बडोद्यालाच यायची. "उद्या सुटलीस की सरळ माझ्याकडे ये. येताना काही आणू नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला शेगडीसमोर उभं केलं, तूप आणि बेसन पुढ्यात ठेवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. झाऱ्याला हात लावला नाही. "आई कशी भाजायची? दाखव मला." वृंदाला ठाऊक नव्हतं. पहिला घाणा करपला. काकू म्हणाल्या, "टाक तो. डबा भरून बेसन आहे." दुसऱ्या घाण्याला वृंदा एकदम थांबली, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "आई अशा वासाला गॅस बंद करायची." "मग कर बंद," काकू म्हणाल्या. लाडू वळताना ती रडत होती. काकूंनी तिला गप्प केलं नाही, फक्त ताट पुढे सरकवत राहिल्या.

ती गेल्यावर मी वही काढून तिसरा रकाना खोडायला घेतला. काकूंनी माझा हात धरला. "खोडू नको. शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह घाल." तेव्हापासून तो रकाना 'काय नको?' असा आहे.

आषाढात त्या दवाखान्यात होत्या तेव्हा मी रोज ऑफिस सुटल्यावर जात असे. एके दिवशी त्यांनी वही मागवली. आवाज अगदी बारीक झाला होता, पण क्रम पक्का. गेल्या दिवाळीनंतरची चार घरं त्यांनी सांगितली, रकान्यांसकट. मग म्हणाल्या, "पाचवं लिही. आमचं."

मी पेन खाली ठेवलं.

"लिही ने, अनघा. तू नाही लिहिणार तर कोण लिहिणार? सगळ्यांना वाटेल दुसऱ्याने दिला."

मी लिहिलं. तिसऱ्या रकान्याशी आल्यावर विचारलं, "इथे काय लिहू, काकू?"

"ते आता तुझं तू बघ," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. नंतर यादीत आणखी दोन घरं वाढली.

म्हणून आज सकाळी टेबलावर वही उघडी होती आणि रेवती विचारत होती, "आई, अण्णांच्या पुढे काय लिहू?" काकूंचा नियम काकूंनाच लावायचा तर चकली नको, शेव नको, चिवडा नको, करंजी नको. त्या घरातलं सगळंच त्यांच्या हातचं होतं. वगळायला घेतलं तर डबा रिकामा जातो. न वगळावं, तर माझी चकली अण्णांच्या जिभेवर जाऊन बसते. पाणीगेटच्या त्या गृहस्थांचा थांबलेला हात मला विसरता येत नाही.

"अण्णाने पूछो ने," हंसाबेन म्हणाल्या. मी म्हटलं, काकू कधी विचारत नसत. "ए शरयूबेन हता," त्या म्हणाल्या. "तमे थोडा शरयूबेन छो?"

मी काही शरयूबेन नव्हते, हे खरंच. अकरा वाजता मी वही घेऊन वर गेले. अण्णा कॉलेजात गणित शिकवायचे. मोजकं बोलणारे. स्वयंपाकघरात उभे राहून ते कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. तीन महिने त्यांचा स्वयंपाक म्हणजे खिचडी.

"डब्याचं विचारायला आलीस," ते म्हणाले.

"हो. चुकतंय का माझं?"

"तिने नसतं विचारलं." त्यांनी गॅस बंद केला. "पण तिला लोकांच्या घरचं सगळं बाहेरून कळायचं. आमच्या घरचं तुला बाहेरून कोण सांगणार? बस. घे लिहून."

मी बसले. त्यांनी वर्गात सांगावं तसं एकेक बोट दुमडत सांगितलं. चकली नको. चिवडा नको. शेव नको. करंजी नको. लाडू दोन्ही प्रकारचे नकोत. शंकरपाळ्यांचं बोट अर्धंच दुमडून म्हणाले, तेही नकोत. मी लिहीत गेले. रकाना भरून समासात गेला.

"राहिलं काय मग?" मी विचारलं.

"अनारसे आण."

मी वर पाहिलं. बावीस वर्षांच्या याद्या माझ्या हातच्या आहेत. एकाही डब्यात अनारसा गेलेला नाही. काकूंना एकदा कारण विचारलं होतं, तर म्हणाल्या होत्या, अण्णांना आवडत नाही, म्हणून आमच्याकडे करायची सवय नाही.

"तुम्हाला आवडत नाहीत ना?"

"तिला जमत नव्हते," अण्णा म्हणाले. "लग्नानंतर लागोपाठ तीन दिवाळ्या केले तिने. तिन्ही वेळा तुपात विरघळले. तिसऱ्या वर्षी कढईकडे पाठ करून मला म्हणाली, या घरात अनारसे बंद, आणि कोणी विचारलं तर तुम्हाला आवडत नाहीत म्हणून सांगायचं. मी म्हटलं, बरं. पन्नासेक वर्षं सांगतोय."

"आणि आवडतात?"

"फार."

ते हसले, आणि ते हसणं मध्येच संपलं. कुकरमधली वाफ अजून गेली नव्हती, तरी ते झाकण उघडायला गेले. मी उठून त्यांचा हात बाजूला केला.

"अण्णा, अनारसे मलाही येत नाहीत. मी आयुष्यात केलेले नाहीत."

"म्हणून तर तुला सांगतोय. विरघळले तरी आण. वाटीत घालून चमच्याने खाईन." मग दारापर्यंत येत म्हणाले, "माझी आई तांदूळ तीन दिवस भिजवायची. रोज पाणी बदलायची. मग फडक्यावर पसरून, ओलसर असतानाच कुटायची, आणि गूळ घालून मुरत ठेवायची. त्यापुढचं मला माहीत नाही. मी त्यापुढे फक्त खायला असायचो."

खाली येऊन मी हंसाबेनना सांगितलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, मग विचारलं, "खसखस छे घरमां?" नव्हती. रेवतीने जाऊन आणली. तांदूळ जुना हवा, तो तळाच्या डब्यात निघाला. गूळ किसून झाला. बाकीच्या सहा घरांच्या डब्यांवर नावं चिकटवून झाली, पोहे उन्हात घातले, भाजणीच्या डाळी निवडून ठेवल्या.

वसुबारसेला अजून दहा-अकरा दिवस आहेत. तीन दिवस भिजायला आणि आठवडाभर मुरायला, म्हणजे आज सुरुवात झाली तरच जमतं. अर्धा किलो तांदूळ मोजून पातेल्यात काढला आहे. काकूंनी पाठ फिरवलेल्या पदार्थाला हात घालायचा, म्हणून पातेलं घेऊन दोनदा नळापाशी जाऊन तशीच परत आले. पाणी अजून घालायचं आहे.